दुसरा तुकडा

९ जानेवारी

बाबांची गाठ आज काढली. सर्जनबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मांडीतली गाठ पूर्ण निघाली. पुढचं रिपोर्ट आल्यावर बोलू." माझ्या बायकोने इतका वेळ माझा दंड आवळून धरला होता, तो सोडला आणि मग ती रडली. बाबा म्हणजे हिचे वडील, माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्या मागच्या खोलीत राहतात. जन्मभर मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवल्यामुळे मी गाडी चालवत असलो की शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबतात.

रडणाऱ्या बायकोला बाकावर बसवून मी म्हणालो, "जरा लॅबमध्ये डोकावून येतो." डोकावायचं नव्हतं. मी जिथे संशोधन करतो त्या आमच्या कॅन्सर केंद्रात हॉस्पिटल अलीकडे, प्रयोगशाळा पलीकडे आणि मध्ये काचेची लांब मार्गिका. त्या मार्गिकेतून बर्फाचा डबा येणार होता आणि त्यात बाबांच्या गाठीचा तुकडा असणार होता. डब्यावर नाव नसतं, नुसता नंबर. पण या दुर्मीळ जातीची गाठ आज एकच निघाली, तेव्हा नंबराआड कोण हे ओळखायला फार डोकं लागत नाही. घरच्या माणसाचा नमुना आला तर तो दुसऱ्याच्या हाती सोपवायचा आणि केंद्राच्या नैतिकता समितीला कळवायचं, असा नियम आहे. मी कळवलं नाही. या जातीच्या पेशी काचेच्या फ्लास्कमध्ये वाढवायचा मी दोन वर्षं प्रयत्न करतोय आणि दर वेळी आठवडाभरात त्या माना टाकतात. इतका ताजा, मोठा, चांगला तुकडा पुन्हा कधी मिळणार?

'चांगला' असं लिहून गेलो खरा. राहू दे.

१७ जानेवारी

चिकटल्या! सकाळी फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तळाला लांबट, टोकदार पेशी पसरलेल्या, आणि काही तर चक्क एकीच्या दोन होत होत्या. नंबर दोनदा तपासला. मग उंदीरमामाला ओढून आणलं. तो आमच्या प्राणीगृहाचा प्रमुख, चांगला विद्वान माणूस, पण हे नाव त्याला असं चिकटलंय की संचालकसुद्धा त्याच नावाने हाक मारतात. त्याने डोळा लावला आणि म्हणाला, "अरे, या तर सुसाट सुटल्यात! पेशंट कोण?"

"नंबर आहे," मी म्हणालो.

"बिचारा नंबर. हे बघ, आधी गोठव. पुरेशा वाढल्या की पहिल्या कुप्या नायट्रोजनच्या टाकीत, मग बाकीचे उद्योग."

मला शिकवतोय. जसं काही मला माहीतच नाही.

'बिचारा' का म्हणाला ते समजलं होतं. ज्या पेशी आमच्याकडे झपाट्याने वाढतात त्या माणसातही बहुधा झपाट्यानेच वाढतात. समजूनसुद्धा मी दिवसभर शीळ घालत होतो. घरी आल्यावर लेक म्हणाली, "पप्पा, लॉटरी लागली का?"

२४ जानेवारी

फुप्फुसात ठिपके दिसलेत. तीन मोठे, बाकी बारीक.

सर्जनबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. देण्यासारखं औषध एकच आहे. ते दम लागायला लागला की सुरू करायचं. आधी देऊन फायदा नाही, अंगातली ताकद मात्र जाईल. "पुढचे काही महिने बरे जातील," त्या म्हणाल्या. "यांना जे करायचंय ते करू द्या."

बाबा म्हणाले, "मला नातीला गाडी शिकवायचीय. अर्ध्या गावाला शिकवली, आणि घरची पोरगी पायी हिंडतेय."

हिने डोळे पुसले आणि हसली. मी खाली बघत होतो, कारण ठिपके म्हटल्याबरोबर माझ्या मनात आलं होतं की म्हणूनच इतक्या छान वाढतायत. माझ्या मनात पहिल्यांदा हे आलं. हिचा विचार नंतर.

१ फेब्रुवारी

गोदामांच्या मागच्या मोकळ्या मैदानात सकाळी सहाला शिकवणी सुरू. मी मागच्या सीटवर, निव्वळ ओझं म्हणून. लेकीने क्लच सोडला आणि गाडी बेडकासारखी उडाली. बाबा शांत. "गाडीला वाईट वाटलं असेल, तिची माफी मागून पुन्हा चालू कर." लेक खरंच "सॉरी" म्हणाली. तासाभरात न अडखळता मैदानाला फेरी मारली तिने. मी वीस वर्षं गाडी चालवतोय, पण मला त्यांनी कधी इतक्या गोडीने सांगितलं नाही. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, "तुम्ही जावई पडलात. तुम्हाला शिकवायचं म्हणजे आधी तुमचा मान काढून डिकीत ठेवावा लागतो."

घरी ही चहा घेऊन दारातच उभी होती. बाप आणि लेक दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. असा आनंद तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

८ फेब्रुवारी

पाच फ्लास्क झाले. संचालकांना दाखवले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली (ते थाप मारत नाहीत) आणि म्हणाले, मेमध्ये परिषद आहे, औषधांच्या चाचण्यांचे आकडे महिनाअखेरीपर्यंत द्या, भाषणाची वेळ मिळवू. म्हणजे प्रत्येक पेशी चाचणीला लागणार. गोठवायचं पुढच्या खेपेला. तोवर त्या कुठे पळून जात नाहीत.

बाबांना कळलंय. म्हणजे मीच सांगितलं, न राहवून. फोनवर फोटोही दाखवला. ते आता येईल-जाईल त्याला सांगतात, "माझ्या पेशी संशोधनात पहिल्या आल्या." ही म्हणते, "काय बाई तुमचं दोघांचं!" पण तिलाही बरं वाटतंय असं दिसलं. 'आपल्याच माणसाच्या हातात आहे सगळं', असं ती फोनवर कुणाला तरी म्हणत होती.

१५ फेब्रुवारी, रविवार

बाबांना लॅब दाखवली. नियमाविरुद्ध आहे. पण सुट्टीचा दिवस, चिटपाखरू नाही. पांढरा कोट घालून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा शिकलेला दिसतोय." सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "यांना बिचाऱ्यांना काय माहीत, ह्या काय करतायत ते."

त्यांच्यासमोर मी पाचही फ्लास्कमधला, पेशींना पोसणारा द्रव बदलून दाखवला. गुलाबी पाण्यासारखा असतो तो. जुना ओतून टाकायचा, नवा घालायचा. हे काम ज्या कॅबिनेटमध्ये करतो त्याचा हवा शुद्ध करणारा पंखा सुरू करून पंधरा मिनिटं थांबायचं असतं, पण ते उभ्याने दमले होते, म्हणून लगेच सुरुवात केली. पाचही फ्लास्कना एकाच बाटलीतला द्रव वापरला. छान दिवस गेला.

१९ फेब्रुवारी

बुरशी. पाचही फ्लास्कमध्ये.

सकाळी पांढरे पुंजके तरंगताना दिसले. बाटली उजेडात धरली तर तिच्यातही तेच. पहिल्या वर्षाला आलेल्या पोराला आम्ही हे पाठ करून घ्यायला लावतो: पंखा चालू करून थांब, प्रत्येक फ्लास्कला वेगळी बाटली काढ, आणि वाढल्या की आधी गोठव. तिन्ही गोष्टी मी केल्या नाहीत. टाकीत एक कुपी नाही. औषधं घालून पेशी वाचवायचा प्रयत्न केला, नाही वाचल्या. दुपारी ब्लीच ओतून सगळं टाकून दिलं. उंदीरमामा दारात आला, बघितलं आणि आल्या पावली परत गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी बाबांनी विचारलं, "काय म्हणतायत माझ्या पेशी?" मी म्हणालो, "गेल्या बाबा. माझ्या चुकीने." तर मलाच धीर द्यायला लागले. "जाऊ द्या हो. माझ्याकडे अजून भरपूर आहेत."

चेष्टाच होती. पण जेवताना ते वाक्य डोक्यातून जाईना.

२६ फेब्रुवारी

आठवडाभर मी स्वतःशी फिरून फिरून तेच बोलतोय. फुप्फुसातला मोठा ठिपका बाहेरच्या बाजूला आहे. स्कॅन बघत सुई घालून तुकडा काढता येतो, अशा सुया आमच्याकडे रोज होतात. धोका असतो, पण थोडा. आज सर्जनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उपचारासाठी याची काही गरज नाही. औषध ठरलेलंच आहे. संशोधनासाठी हवं असेल तर तसं पेशंटला स्पष्ट सांगावं लागेल आणि त्याने आपण होऊन हो म्हणायला हवं."

मी "अर्थात" म्हणालो.

संध्याकाळी बाबांजवळ विषय काढला. ते म्हणाले, "आता सुया नकोत. पोरीला अजून रिव्हर्स यायचंय. मागे जाताना तिची मान वळतच नाही." एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

१ मार्च

जेवण झाल्यावर ही भांडी आवरत होती तेव्हा मी म्हणालो की बाबा सुईला नाही म्हणतायत. ती थांबली. "कसली सुई?" मी सांगितलं, नवा तुकडा मिळाला तर आम्ही त्यावर निरनिराळी औषधं लावून बघू शकतो, कुठलं लागू पडतं ते कळेल.

यातला एकेक शब्द खरा आहे. लावून बघू शकतो. कळेल. कधी कळेल आणि कळल्यावर बाबांना ते औषध कुणी देईल का, हे मी बोललो नाही.

तिने विचारलं, "म्हणजे बाबांना उपयोग होईल ना?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. यात इतकं काय, असं स्वतःला विचारून बघितलं.

२ मार्च

बाबा तयार झाले. हिने काल त्यांच्या खोलीत जाऊन बराच वेळ घालवला. बाहेर आली तेव्हा नाक लाल. "माझी शपथ घातली," म्हणाली. "मी म्हटलं, बाबा, माझ्यासाठी करा. तुमचे चार दिवस वाढणार असतील तर मला ते हवेत." मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "तू आहेस म्हणून. नाहीतर आम्हाला कुणी सांगितलं असतं हे?"

मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

९ मार्च

सर्जनबाईंनी आज बाबांना एकट्याला आत बोलावून संमती घेतली. अर्धा तास लागला. परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "बाई फार चांगल्या आहेत. सगळं फोड करून सांगतात." मग माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे वळलो तर म्हणाले, "तुम्ही पुढे बघा. गाडी चालवताय." घरी येईपर्यंत त्यांनी एकदाही ब्रेक दाबला नाही. दमले असतील.

१२ मार्च

सुई झाली. तुकडे मिळाले, तांदळाएवढे तीन. मी लगेच लॅबमध्ये गेलो. या वेळी पंखा, वेगळ्या बाटल्या, सगळं काटेकोर. हात धुऊन बाहेर आलो तर फोनवर हिचे सात मिस्ड कॉल.

बाबांचं फुप्फुस बसलं. सुईच्या भोकातून हवा आत शिरली. छातीत नळी घातलीय.

१४ मार्च

नळीतून बुडबुडे येतायत, म्हणजे अजून हवा गळतेय. ही त्यांच्या उशाशी स्टुलावर बसून असते, चष्म्याच्या दुकानातून सुट्टी घेतलीय. मी गेलो तेव्हा त्यांचा हात धरून म्हणत होती, "बाबा, मीच भरीस घातलं तुम्हाला. तुम्ही नको म्हणत होतात." बाबा नळी सांभाळत म्हणाले, "तुझी काही चूक नाही गं. वेडी का तू?" मोठ्या मनाचा माणूस. स्वतः एवढ्या त्रासात, पण लेकीची समजूत घालतोय.

पेशी चिकटल्यात.

२९ मार्च

बाबा घरी आले. मध्ये छातीत पाणी झालं, ताप आला, दुसरी नळी झाली. अडीच आठवड्यांत माणूस अर्धा झालाय. खोलीत ऑक्सिजनचं यंत्र घरघरतंय. लेकीची ड्रायव्हिंगची परीक्षा दोन आठवड्यांवर आली. रिव्हर्स शिकायला ती आता बाहेरच्या शाळेत जाते. पहिल्या दिवशी परत येऊन आजोबांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ते सर नुसते ओरडतात." बाबा हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली.

औषध सुरू करायचं म्हटलं तर आता ते झेपणार नाही, असं सर्जनबाईंचं मत. म्हणजे ते बरे महिने संपले. ते बरे महिने मी संपवले. हे मी पहिल्यांदा अक्षरात लिहितोय आणि लिहिल्याने काही हलकं वगैरे वाटत नाही.

७ एप्रिल

टाकीत वीस कुप्या गोठवल्या. संचालक खूश, आकड्यांसाठी त्यांनी परिषदेकडून मुदत वाढवून घेतली होतीच. उंदीरमामा म्हणाला, "दुसरा नमुना कसा काय मिळवलास?" मी म्हणालो, "पेशंट तयार झाला." तो म्हणाला, "देवमाणूस दिसतोय." मी मान हलवली.

हिचं वजन उतरलंय. कालपासून एक नवीन सुरू झालंय: स्वयंपाकघरात काम करता करता एकटीच पुटपुटते, "कशाला हट्ट केला, कशाला." मी ऐकतो आणि बाहेर निघून जातो.

१३ एप्रिल

लेक पास झाली. गाडी घेऊन थेट खिडकीखाली आली आणि भोंगा वाजवला. बाबांना उठवून खिडकीत बसवलं. तिने त्यांच्यासमोर रिव्हर्स घेऊन दाखवला. बाबा म्हणाले, "मान बघा कशी वळली."

१८ एप्रिल

आज बाबांची दाढी करत होतो. ही दुकानात गेली होती. एक गाल झाला, दुसऱ्यावर साबण होता, तेव्हा ते म्हणाले, "जावईबुवा, त्या सुईचा मला काही उपयोग नव्हता, हे मला आधीच माहीत होतं."

माझा हात थांबला.

"बाईंनी सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. मी म्हटलं, कळलं, कुठे सही करू ते सांगा."

"मग का केलीत?"

"काय करणार? पोरगी समोर बसून रडत होती. तिला काय सांगू, तुझा नवरा तुला फसवतोय?" थोडं थांबून श्वास घेतला. "आणि तुमचंही तोंड बघवत नव्हतं पेशी गेल्यापासून. म्हटलं, मागतोय माणूस, देऊन टाकावं. एवढं होईल असं कुणाला वाटलं होतं?"

मी काहीतरी बोललो. माफी मागितली असावी, शब्द आठवत नाहीत. त्यांनी हाताने ते बाजूला सारलं.

"ते राहू द्या. माझं काय व्हायचं ते झालं. पण पोरगी जळतेय आतून. रोज येऊन माफी मागते. मी काय सांगू तिला? नवऱ्याची चुगली बापाने करायची नसते. तुम्ही सांगा. आणि मी आहे तोवर सांगा. चिडेल, आकांडतांडव करेल, तेव्हा मध्ये पडायला मी असेन. मी गेल्यावर मग तुमचं तुम्ही बघा."

मग म्हणाले, "हा गाल करा आता. साबण सुकला."

२० एप्रिल

काल सांगणार होतो, पण तिचं डोकं दुखत होतं. आज तिची मैत्रीण आली होती.

२५ एप्रिल

बाबा माझ्याकडे नुसते बघतात. भुवई उंच करून. मी मान हलवतो, नाही म्हणून. मग ते खिडकीकडे बघतात.

२ मे

आज धीर करून संचालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगून टाकलं की नमुना माझ्या सासऱ्यांचा होता, दोन्ही वेळा. घाम फुटला होता. ते गंभीर झाले, समितीकडे लेखी कळवायला सांगितलं. समितीने ताशेरे ओढले तर ओढू देत. एक ओझं उतरलं. संशोधकाने प्रामाणिक असायलाच हवं. आता हिला सांगणंही सोपं जाईल. परिषद झाली की निवांत बसून सांगेन.

१६ मे

परिषद झाली. हिला आणि बाबांना तीन दिवस लेकीच्या भरवशावर टाकून गेलो होतो. समितीने बोलायची परवानगी दिली, फक्त आभाराच्या शेवटच्या पानावर 'अनामिक रुग्ण' असं घालायला सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी पेशी मागितल्या. कदाचित कुणाला तरी कुठेतरी उपयोग होईल, दहा वर्षांनी. मला हे मनापासून हवंय. विमानात मात्र मी त्या पानाकडेच बघत बसलो होतो.

बाबा आता फारसे जागे नसतात. 'उद्या रविवार, उद्या नक्की सांगतो', असं मी आज त्यांच्या कानाशी म्हणालो. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

१७ मे

नाही सांगितलं. ती त्यांच्या पायांना तेल लावत होती, तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. कसं सांगणार?

१९ मे

बाबा गेले. दुपारी, झोपेत. ही चहा ठेवायला उठली होती, तेवढ्यात.

२७ मे

लोक भेटायला येतायत. ड्रायव्हिंग स्कूलचे जुने विद्यार्थी, टॅक्सीवाले, दोन डॉक्टर. एक आजीबाई म्हणाल्या, "साठाव्या वर्षी शिकवली मला, आणि एकदाही हसले नाहीत." प्रत्येकाला ही तेच सांगते. "बरे होते हो. मीच सुईचा हट्ट केला. नको म्हणत होते ते." आणि समोरचा म्हणतो, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. मी ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन उभा. आज पाच जणांना सांगितलं तिने. पाचव्या वेळी मी ग्लास ठेवून स्वयंपाकघरात गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

३० मे

आज सांगितलं.

माणसं गेल्यावर ती ओट्यापाशी कप विसळत होती. मी म्हणालो, सुई बाबांसाठी नव्हतीच. पेशी मेल्या होत्या म्हणून मला तुकडा हवा होता. तू विचारलंस तेव्हा मी खोटं हो म्हणालो. तुला मी वापरलं.

ती कप विसळत राहिली. मग नळ बंद केला.

"कधी ठरवलंस हे?"

"पेशी मेल्या त्याच आठवड्यात."

"औषध एकच आहे, हे तुला तेव्हाही माहीत होतं."

"हो."

मला वाटलं होतं ती ओरडेल. कप फेकेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो, फेकला असता तर उचलला असता. तिने हात पुसले आणि खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "बाबांना माहीत होतं?"

"पहिल्यापासून. सर्जनबाईंनी सांगितलं होतं. मला म्हणाले होते, मी आहे तोवर तिला सांगा."

"कधी म्हणाले?"

"एप्रिलमध्ये."

"एप्रिल," ती म्हणाली. बोटांनी काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "मी रोज त्यांच्यापाशी बसून रडायचे. ते मला हसवायला बघायचे, लहानपणच्या गोष्टी काढायचे, आणि मी आपली रडत बसायचे. ते म्हणायचे, तुझी काही चूक नाही. रोज म्हणायचे. मला वाटायचं बाप आहे, समजूत घालतोय. मी त्यांना म्हणायचे, उगाच माझं मन राखू नका." तिने नाक पुसलं. "ते मन राखतच नव्हते. खरं तेच सांगत होते मला. आणि मी एकदाही ऐकलं नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. तिने खांदा काढून घेतला, रागाने नाही, सहज, एखादं माणूस वाटेत आल्यावर आपण सरकतो तसं.

"आज पटलं मला," ती म्हणाली. "आता हे त्यांना कसं सांगू?"